मार्सेलिस ते आर्थर रोड : प्रत्यार्पण, राजनैतिक हमी आणि युरोपीय मानवी हक्क कायदा

बीजसंज्ञा : प्रत्यार्पण, आश्रयाधिकार, विशिष्टतेचे तत्त्व, राजनैतिक हमी, अनुच्छेद ३, कारागृहस्थिती

प्रास्ताविक

एका राज्याच्या हद्दीत गुन्हा करून दुसऱ्या राज्याच्या हद्दीत आश्रय घेणाऱ्या व्यक्तीस पहिल्या राज्याच्या स्वाधीन करणे, यास कायद्याच्या परिभाषेत 'प्रत्यार्पण' असे म्हणतात. व्याख्या सोपी आहे. व्यवहार मात्र तसा नाही. प्रत्यार्पणाच्या प्रत्येक प्रकरणात मागणी करणारे राज्य, आश्रय देणारे राज्य आणि या दोहोंच्या मध्ये सापडलेली व्यक्ती असे तीन पक्ष असतात. यांपैकी तिसऱ्या पक्षाला कायद्याने स्वतःचा असा आवाज दिला तो फार उशिरा, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. हा आवाज कसा निर्माण झाला आणि त्याचे परिणाम मुंबईतील खटल्यांवर व कारागृहांवर कसे होत आहेत, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विषय युरोपीय कायद्याचा असला तरी त्याची उदाहरणे शोधण्यास दूर जावे लागत नाही. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या बहुतेक प्रमाणग्रंथांत ज्या जुन्या निवाड्याचा उल्लेख येतो तो एका मराठी माणसाविषयीचा आहे. मरोळच्या शेजारच्या विमानतळावरून निसटलेल्या एका डॅनिश नागरिकाने भारत आणि डेन्मार्क यांचे संबंध दीर्घकाळ बिघडविले. मध्य मुंबईतील एका कारागृहाच्या एका बराकीची लांबी-रुंदी तर लंडन आणि अँटवर्प येथील न्यायाधीशांनी काळजीपूर्वक तपासली आहे. वृत्तपत्रांतून ही प्रकरणे 'परदेशी न्यायालयाचा अडथळा' अशा शीर्षकाखाली येतात. त्यामागील कायदा समजून घेतल्यास अडथळा नेमका कोठे आहे, हे अधिक स्पष्ट होते.

हेगचा निवाडा, १९११

नाशिकचे जिल्हाधिकारी जॅक्सन यांची हत्या २१ डिसेंबर १९०९ रोजी झाली. त्यानंतर वि. दा. सावरकर यांना १३ मार्च १९१० रोजी लंडन येथे अटक करण्यात आली आणि १८८१ च्या फरारी गुन्हेगारविषयक कायद्यान्वये त्यांची रवानगी हिंदुस्थानात करण्याचे ठरले. १ जुलै रोजी 'मोरिया' ही बोट निघाली, ७ जुलै रोजी ती फ्रान्समधील मार्सेलिस बंदरात आली आणि ८ जुलैच्या सकाळी सावरकर बोटीच्या गवाक्षातून निसटून किनाऱ्यावर पोहोचले. तेथे फ्रेंच सागरी पोलिसांच्या एका अंमलदाराने त्यांना पकडले आणि परत बोटीवर नेऊन ब्रिटिश पोलिसांच्या हवाली केले. दुसऱ्या दिवशी बोट निघून गेली.

या उडीविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. तिच्यातून उद्भवलेल्या निवाड्याविषयी त्या मानाने फारच थोडे. वास्तविक कायद्याच्या अभ्यासकाला निवाडाच अधिक विचार करावयास लावणारा आहे. फ्रान्सचे म्हणणे असे की, फ्रेंच भूमीवर पाऊल ठेवताच सावरकरांना फ्रान्सच्या आश्रयाधिकाराचे संरक्षण मिळाले. राजकीय स्वरूपाच्या गुन्ह्यासाठी फ्रान्स कोणासही सोपवीत नाही. आणि प्रत्यार्पणाची रीतसर प्रक्रिया झाल्याशिवाय एका पोलीस अंमलदारास हे संरक्षण परस्पर काढून घेता येत नाही. सावरकरांना परत करावे, ही मागणी ब्रिटनने मान्य केली नाही. २५ ऑक्टोबर १९१० रोजी उभय राष्ट्रांनी हा प्रश्न हेगच्या स्थायी लवाद न्यायालयाकडे सोपविण्याचा करार केला.

लवाद मंडळात पाच सदस्य होते : बेल्जियमचे माजी पंतप्रधान बेर्नार्ट (अध्यक्ष), फ्रान्सचे लुई रनो, नॉर्वेचे ग्राम, नेदरलँड्सचे साव्होर्निन लोमान आणि ब्रिटनचे अर्ल ऑफ डेसार्ट. यांपैकी रनो व बेर्नार्ट हे दोघेही शांततेच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी होते. (हेगचा सुप्रसिद्ध शांतिप्रासाद १९१३ साली खुला झाला, त्यामुळे या खटल्याचे चित्र त्या भव्य वास्तूच्या पार्श्वभूमीवर रंगविण्याचा मोह टाळावयास हवा.) सुनावणी फेब्रुवारीच्या मध्यास काही दिवसांतच आटोपली आणि २४ फेब्रुवारी १९११ रोजी निवाडा जाहीर झाला.

मंडळाने दोन गोष्टी सांगितल्या. सावरकरांना पकडून ब्रिटिश पोलिसांच्या हवाली करण्यात अनियमितता घडली, ही पहिली. मात्र ब्रिटिशांनी फ्रेंच भूमीवर बळाचा किंवा फसवणुकीचा अवलंब केलेला नाही. चूक झाली ती फ्रेंच अंमलदाराकडून. आणि परकीय अंमलदाराच्या चुकीमुळे हाती आलेला कैदी परत करण्यास भाग पाडणारा कोणताही नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही, ही दुसरी. लंडनच्या पोलीसप्रमुखांनी या प्रवासाची पूर्वसूचना २९ जून रोजीच पॅरिसला दिली होती आणि मार्सेलिस येथील फ्रेंच पोलीस बंदोबस्तात सहकार्य करीत होते, या वस्तुस्थितीला मंडळाने बरेच महत्त्व दिले.

मुंबईतील कारवाई मात्र हेगसाठी थांबली नव्हती. सर बेसिल स्कॉट, न्या. नारायण गणेश चंदावरकर आणि न्या. हीटन यांच्या विशेष न्यायासनासमोर सावरकरांच्या वतीने अधिकारक्षेत्राचा आक्षेप घेण्यात आला. आरोपी न्यायालयासमोर कोणत्या मार्गाने आला याचा विचार न्यायालयाने करावयाचा नसतो, या आशयाचे उत्तर मिळून तो आक्षेप फेटाळला गेला. डिसेंबर १९१० मध्ये जन्मठेपेची पहिली शिक्षा झाली, जानेवारी १९११ मध्ये दुसरी. हेगचा निवाडा त्यानंतरचा. ४ जुलै १९११ रोजी सावरकर अंदमानात पोहोचले.

निवाड्यावर त्या काळच्या युरोपीय कायदेपंडितांनी टीका केली आणि ती बव्हंशी योग्य होती असे वाटते. अनियमितता मान्य करावयाची आणि तिचे निवारण मात्र नाकारावयाचे, ही भूमिका न्यायाधीशाला शोभण्यापेक्षा मुत्सद्द्याला अधिक शोभते. परंतु याहून मूलभूत अशी एक बाब आहे. या संपूर्ण वादात सावरकर पक्षकार नव्हते. फ्रान्सची भूमी, फ्रान्सचे सार्वभौमत्व, ब्रिटनचा ताबा एवढेच प्रश्न मंडळासमोर होते. परत केल्यास किंवा न केल्यास त्या माणसाचे काय होईल, हा प्रश्न करारात विचारलेला नव्हता आणि मंडळाने त्याचा विचारही केला नाही. त्या काळच्या आंतरराष्ट्रीय कायद्यात व्यक्ती ही केवळ वादाची वस्तू होती.

अटक अवैध असली तरी खटला वैध, हे तत्त्व पुढेही दीर्घकाळ टिकले. आइखमनचे १९६० साली अर्जेंटिनातून अपहरण झाले, सुरक्षा परिषदेने नापसंती व्यक्त केली, तरी इस्रायलमधील खटला चालला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली मेक्सिकोतून पळवून आणलेल्या एका डॉक्टरवर खटला चालविण्यास हरकत नाही असे ठरविले. उलट दक्षिण आफ्रिकेच्या न्यायालयाने १९९१ साली आणि इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९३ च्या बेनेट प्रकरणात, राज्ययंत्रणेनेच कायदा मोडून आरोपी आणला असेल तर न्यायालयाने खटला थांबवावा, अशी भूमिका घेतली. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने ओजलान प्रकरणी १२ मे २००५ रोजी मध्यममार्ग स्वीकारला : केनियाच्या अधिकाऱ्यांच्या सहकार्याने झालेली अटक बेकायदा ठरत नाही, मात्र अन्याय्य पद्धतीने चाललेल्या खटल्यानंतर दिलेली फाशीची शिक्षा ही अमानुष वागणूक ठरते. या निकालाचा पूर्वार्ध वाचताना १९११ च्या मंडळाने मार्सेलिसच्या पोलिसांविषयी केलेला युक्तिवाद आठवल्यावाचून राहत नाही. उत्तरार्ध मात्र सर्वस्वी नव्या युगाचा आहे.

अनुच्छेद ३ आणि सोअरिंग प्रकरण

येथे एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे, कारण आपल्याकडील पाठ्यपुस्तकांतही त्याविषयी गोंधळ आढळतो. युरोपीय संघ आणि युरोप परिषद या दोन भिन्न संस्था आहेत. मानवी हक्कविषयक युरोपीय करार १९५० चा असून तो युरोप परिषदेचा आहे. स्ट्रासबर्ग येथील न्यायालय त्या कराराचे आहे. ब्रिटन २०२० साली युरोपीय संघातून बाहेर पडले, तरी युरोप परिषदेचे सदस्य राहिले. म्हणून लंडनमधील प्रत्यार्पण प्रकरणांत स्ट्रासबर्गचा कायदा आजही लागू होतो.

या कराराच्या तिसऱ्या अनुच्छेदात छळास आणि अमानुष वा मानहानिकारक वागणुकीस किंवा शिक्षेस मनाई केली आहे. हा अनुच्छेद अवघ्या एका वाक्याचा आहे आणि त्यास कोणताही अपवाद नाही. युद्ध नाही, दहशतवादही नाही. ७ जुलै १९८९ रोजी सोअरिंग विरुद्ध युनायटेड किंग्डम या प्रकरणात स्ट्रासबर्ग न्यायालयाने या वाक्याचा अर्थ विस्तारला. एका जर्मन तरुणाला खुनाच्या आरोपावरून अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याकडे सोपवावयाचे होते. तेथे फाशीची शिक्षा झालेले कैदी वर्षानुवर्षे अनिश्चिततेत काढीत. न्यायालयाने म्हटले की, छळ दुसऱ्या राज्यात होणार असला तरी, त्याचा खराखुरा धोका माहीत असताना माणसाला तिकडे पाठविणारे राज्य स्वतःच अनुच्छेद ३ चा भंग करते. अखेर फाशी मागितली जाणार नाही, अशी हमी मिळाल्यावर सोअरिंग यास पाठविण्यात आले.

प्रत्यार्पणाच्या आधुनिक कायद्याचे बीज या निकालात आहे. पूर्वी न्यायालय आरोपीचा गुन्हा पाहत असे. आता ते मागणी करणाऱ्या राज्याच्या पोलीस कोठड्या, तुरुंग आणि न्यायासने पाहू लागले. भारताशी संबंधित महत्त्वाचा निकाल १५ नोव्हेंबर १९९६ चा, चहल प्रकरणातील. शीख फुटीरतावादी चळवळीशी संबंधित एका व्यक्तीस भारतात परत धाडण्यास न्यायालयाने बारा विरुद्ध सात मतांनी विरोध केला. भारत सरकारने दिलेल्या आश्वासनाच्या प्रामाणिकपणाबद्दल न्यायालयाने शंका घेतली नव्हती. पोलीस यंत्रणेतील काही घटकांना आवरण्याची सरकारची क्षमता किती, याबद्दल ती होती. ही सूक्ष्म, आणि आपल्याला अधिक झोंबणारी, शंका पुढील प्रत्येक प्रकरणात पुन्हा पुन्हा उपस्थित झाली आहे.

आश्वासनाची परीक्षा कशी करावी याचे निकष न्यायालयाने १७ जानेवारी २०१२ रोजी ओथमान प्रकरणात घालून दिले. आश्वासन नेमके आहे की मोघम, ते कोणी दिले, केंद्र सरकारने दिले असल्यास स्थानिक अधिकारी ते पाळतील काय, पूर्वी दिलेली आश्वासने पाळली गेली काय, पालनाची पडताळणी परदेशी दूतावासास करता येईल काय, छळाविरुद्ध त्या देशात परिणामकारक संरक्षण आहे काय, असे ते प्रश्न आहेत. भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ साली स्वाक्षरी केली. अनुसमर्थन मात्र केलेले नाही. २०१० साली लोकसभेने संमत केलेले छळ प्रतिबंधक विधेयक पुढे कायदा होऊ शकले नाही. विधी आयोगाने २०१७ च्या २७३ व्या अहवालात अनुसमर्थनाची शिफारस केली आणि तिच्या समर्थनार्थ प्रत्यार्पणात येणाऱ्या अडचणींचाही उल्लेख केला. कायदेशीर डावपेच म्हणून पाहिले तरी ही उणीव भारताला महाग पडत आली आहे.

विमानतळावरून निसटलेला आरोपी

१७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात एका विमानातून शस्त्रास्त्रांचा साठा टाकण्यात आला. काही दिवसांनी परतीच्या मार्गावर असलेले तेच विमान हवाई दलाने मुंबई विमानतळावर उतरविण्यास भाग पाडले. ब्रिटिश शस्त्रविक्रेता पीटर ब्लीच आणि वैमानिक पथक पकडले गेले. 'किम डेव्ही' या नावाने वावरणारा डॅनिश नागरिक नील्स होल्क मात्र विमानतळावरूनच नाहीसा झाला. तो कसा निसटला, हा आपल्या तपासयंत्रणांनी उत्तर द्यावयाचा प्रश्न आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर अद्याप मिळालेले नाही.

डेन्मार्क सरकारने २०१० साली त्याच्या प्रत्यार्पणास मान्यता दिली. तथापि हिलेरॉड येथील न्यायालयाने त्याच वर्षी ती रद्द केली आणि ३० जून २०११ रोजी उच्च न्यायालयाने, छळाचा धोका दाखवून, तो निर्णय कायम केला. डॅनिश अभियोक्त्यांनी सर्वोच्च न्यायालयात न जाण्याचे ठरविले. भारताने नाराजी म्हणून डेन्मार्कशी असलेले अधिकृत व्यवहार मर्यादित केले. नव्या मागणीनंतर आणि अधिक सविस्तर हमींनंतरही हिलेरॉड न्यायालयाने २९ ऑगस्ट २०२४ रोजी पुन्हा नकारच दिला.

या प्रकरणात भारताची बाजू नैतिकदृष्ट्या भक्कम आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. शस्त्रे टाकल्याचे होल्क यांनी स्वतः जाहीरपणे मान्य केले आहे, आणि ज्या ग्रामीण भागात ती पडली तेथील लोकांना न्याय देण्याची कोणतीही व्यवस्था डॅनिश निकालात नाही. अनुच्छेद ३ ची ही खरी मर्यादा होय : तो आरोपीचे रक्षण करतो, परंतु आरोपी जेथे सुरक्षित राहतो तेथे त्याच्यावर खटला चालेलच, याची शाश्वती तो देत नाही.

सर्वच नकार तुरुंगाशी संबंधित नसतात, हेही येथे नोंदविले पाहिजे. अंधेरी येथे १२ ऑगस्ट १९९७ रोजी झालेल्या गुलशन कुमार यांच्या हत्येप्रकरणी संगीतकार नदीम सैफी यांचे प्रत्यार्पण इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने डिसेंबर २००० मध्ये नाकारले. तेथे कारण होते पुराव्याच्या विश्वासार्हतेचे. आरोप न्यायाच्या हितार्थ सद्‌भावनेने केलेला दिसत नाही, असे त्या न्यायालयास वाटले.

लिस्बनला दिलेला शब्द

१२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या बॉम्बस्फोट मालिकेत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. त्या दिवशी सहार विमानतळावर हातबॉम्ब फेकण्यात आले होते आणि विमानतळाजवळील व जुहू येथील हॉटेलांत स्फोट झाले होते. अंधेरी-मरोळ परिसराच्या स्मरणात तो दिवस आजही आहे. या प्रकरणातील आरोपी अबू सालेम याला १८ सप्टेंबर २००२ रोजी लिस्बन येथे ताब्यात घेण्यात आले. भारत आणि पोर्तुगाल यांच्यात त्या वेळी प्रत्यार्पण करार नव्हता. दहशतवादी बॉम्बहल्ल्यांविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आणि परस्परतेच्या तत्त्वाचा आधार घ्यावा लागला.

पोर्तुगालमध्ये सामान्य गुन्ह्यांसाठीची फाशी १८६७ सालीच रद्द झाली आणि तेथील राज्यघटनेस जन्मठेपही मान्य नाही. कमाल शिक्षा २५ वर्षांची. त्यामुळे १७ डिसेंबर २००२ रोजी तत्कालीन उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी भारत सरकारच्या वतीने लेखी हमी दिली की, सालेम यास फाशी दिली जाणार नाही आणि २५ वर्षांपेक्षा अधिक काळ तुरुंगात ठेवले जाणार नाही. ११ नोव्हेंबर २००५ रोजी त्यास मुंबईत आणण्यात आले.

पुढे उद्भवलेले दोन वाद अध्यापनाच्या दृष्टीने अत्यंत उपयुक्त आहेत. पहिला वाद विशिष्टतेच्या तत्त्वाविषयीचा. ज्या गुन्ह्यांसाठी माणूस सोपविला त्याच गुन्ह्यांसाठी त्याच्यावर खटला चालवावा, असे हे तत्त्व सांगते. भारताच्या १९६२ च्या प्रत्यार्पण कायद्यातील कलम २१ मध्ये ते समाविष्ट आहे. सालेमवर काही अतिरिक्त आरोप ठेवण्यात आले. हे आरोप सोपविलेल्या गुन्ह्यांहून सौम्य असल्याने तत्त्वभंग होत नाही, असे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१० मध्ये ठरविले. लिस्बनच्या न्यायालयाने २०११ साली नेमका उलट निष्कर्ष काढला आणि पोर्तुगालच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये तो कायम केला. एकाच हमीपत्राचे दोन सार्वभौम राज्यांच्या सर्वोच्च न्यायालयांनी दोन अर्थ लावले, आणि माणूस मात्र एकाच राज्याच्या ताब्यात! अखेर ५ ऑगस्ट २०१३ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने आपला पूर्वीचा निकाल मागे न घेता, अतिरिक्त आरोप मागे घेण्यास सीबीआयला परवानगी दिली. दोन्ही बाजूंची प्रतिष्ठा राखणारी ही तोड होती.

दुसरा वाद शिक्षेच्या कालावधीचा. विशेष टाडा न्यायालयाने २०१५ साली एका खून खटल्यात आणि ७ सप्टेंबर २०१७ रोजी बॉम्बस्फोट खटल्यात सालेमला जन्मठेप ठोठावली. जन्मठेप म्हणजे उर्वरित नैसर्गिक आयुष्य. मग २५ वर्षांच्या हमीचे काय? सरकारची पहिली भूमिका अशी होती की, हमी सरकारने दिली आहे, न्यायालयाने नव्हे. तत्त्वतः हे बरोबर आहे. न्यायमंडळ कार्यकारी मंडळाच्या शब्दाने बांधले जात नाही. परंतु पोर्तुगालच्या दृष्टीने 'भारत' एकच आहे. आपल्या घटनेतील अधिकारविभाजन हे आंतरराष्ट्रीय वचनभंगाचे समर्थन होऊ शकत नाही, हा करारकायद्याचा सर्वमान्य नियम आहे. सर्वोच्च न्यायालयाने विचारणा केल्यावर केंद्रीय गृहसचिवांनी २०२२ साली प्रतिज्ञापत्र दाखल केले : सरकार हमीने बांधील आहे, मात्र तिच्या पालनाचा प्रश्न १० नोव्हेंबर २०३० रोजी उद्भवेल.

११ जुलै २०२२ च्या निकालात न्या. संजय किशन कौल आणि न्या. सुंदरेश यांच्या खंडपीठाने समन्वय साधला. न्यायालयाने दिलेली जन्मठेप वैध आहे. परंतु २५ वर्षे पूर्ण होताच केंद्र सरकारने राज्यघटनेच्या अनुच्छेद ७२ खाली राष्ट्रपतींना तसा सल्ला देऊन सुटका घडवून आणली पाहिजे आणि आवश्यक कागदपत्रे महिन्याभरात पुढे पाठविली पाहिजेत. पोर्तुगालमधील बंदिवासाचा प्रारंभीचा काळ धरण्याची मागणी मात्र नामंजूर झाली, कारण तो काळ बनावट पारपत्राच्या तेथील गुन्ह्याच्या शिक्षेचा होता. २५ वर्षांची गणना १२ ऑक्टोबर २००५ पासून करावयाची आहे.

स्फोटात आप्त गमावलेल्या कुटुंबांना हा हिशेब कसा वाटत असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. तरीही हमी दिली नसती तर सालेम मुंबईत आलाच नसता आणि त्याच्यावर खटलाही चालला नसता. २५ वर्षांची मर्यादा ही त्या खटल्याची किंमत होती, आणि ती किंमत मोजण्याचे २००२ साली जाणीवपूर्वक मान्य केले गेले.

बराक क्रमांक १२

साने गुरुजी मार्गावरील मुंबई मध्यवर्ती कारागृह अद्यापि 'आर्थर रोड तुरुंग' याच जुन्या नावाने ओळखले जाते. तेथील बराक क्रमांक १२ ची आंतरराष्ट्रीय ख्याती मोठी चमत्कारिक आहे. विजय मल्ल्या यांच्या प्रकरणात वेस्टमिन्स्टर न्यायालयाच्या न्यायाधीश एमा आर्बथनॉट यांनी २०१८ च्या जुलैमध्ये या बराकीचे चित्रीकरण मागविले; खिडकीतून दिवसाचा उजेड आत येतो की नाही, हेही त्यांना पाहावयाचे होते. चित्रीकरण पाहून समाधान झाल्यावर १० डिसेंबर २०१८ रोजी त्यांनी प्रत्यार्पणाच्या बाजूने निर्णय दिला. उच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये अपील फेटाळले. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील शाखेत २०१८ साली उघडकीस आलेल्या घोटाळ्याच्या प्रकरणात नीरव मोदी यांच्याविरुद्धचा निर्णय २५ फेब्रुवारी २०२१ रोजी झाला आणि ९ नोव्हेंबर २०२२ रोजी उच्च न्यायालयाने तो कायम केला. तेथेही बराक क्रमांक १२, तेथील वैद्यकीय सोय आणि आत्महत्येचा धोका हेच मुद्दे मध्यवर्ती होते.

त्याच घोटाळ्यातील मेहुल चोक्सी यांना एप्रिल २०२५ मध्ये बेल्जियममध्ये अटक झाली. भारताने दिलेल्या हमीत अंथरूण-पांघरुणापासून स्वच्छतेपर्यंतचे तपशील असून प्रत्येक कैद्यामागे किमान तीन चौरस मीटर मोकळी जागा मिळेल, असे म्हटले आहे. हा तीनचा आकडा यदृच्छेने आलेला नाही. स्ट्रासबर्ग न्यायालयाने २०१६ च्या मुर्शिच विरुद्ध क्रोएशिया या निकालात, सामूहिक कोठडीत याहून कमी जागा असल्यास अनुच्छेद ३ च्या भंगाचे सबळ अनुमान निघते, असे सांगितले आहे. अँटवर्पच्या न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी प्रत्यार्पणास अनुकूल निर्णय दिला. पुरावा नष्ट केल्याचा एक आरोप मात्र वगळला गेला, कारण दोन्ही देशांत जो गुन्हा असेल त्यासाठीच प्रत्यार्पण होऊ शकते. डिसेंबर २०२५ मध्ये बेल्जियमच्या सर्वोच्च अपील न्यायालयानेही चोक्सी यांचा अर्ज फेटाळला. या प्रकरणात मार्सेलिसचा जुना प्रश्नही नव्या रूपात डोकावून गेला : मे २०२१ मध्ये अँटिग्वातून आपले अपहरण करून डॉमिनिकात नेण्यात आले, असा चोक्सी यांचा दावा होता. बेल्जियमच्या न्यायालयास तो प्रत्यार्पण रोखण्याइतका सिद्ध झालेला वाटला नाही.

युरोपने भारताला तुरुंगव्यवस्थेचे धडे द्यावेत, हे अनेकांना खटकते. या नाराजीत तथ्यांश आहे. ज्या बेल्जियमने आर्थर रोडची मोजमापे मागितली त्याच बेल्जियमला स्ट्रासबर्ग न्यायालयाने २०१४ च्या व्हासिलेस्कू प्रकरणात स्वतःच्या तुरुंगांतील गर्दीबद्दल दोषी ठरविले होते. मात्र हा निकष केवळ भारतासारख्या देशांसाठी आहे, हा समज चुकीचा होय. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ५ एप्रिल २०१६ रोजी अरान्योशी प्रकरणात सांगितले की, हंगेरी किंवा रुमानिया येथील तुरुंग अमानुष असतील तर जर्मनीनेही तेथे आरोपी पाठविण्यापूर्वी खात्री करून घ्यावी. या कायद्याविरुद्ध युरोपातच असंतोष वाढत आहे. मे २०२५ मध्ये इटली आणि डेन्मार्क यांच्या पुढाकाराने नऊ राष्ट्रांनी एक जाहीर पत्र काढून, गुन्हेगार परकीयांना देशाबाहेर काढण्याच्या बाबतीत स्ट्रासबर्ग न्यायालय कराराचा अर्थ फार ताणते, अशी तक्रार केली. स्वाक्षरी करणाऱ्यांत बेल्जियमही होते. होल्क यास सोपविण्यास डेन्मार्कच्या न्यायालयाने ज्या अनुच्छेदाखाली नकार दिला, त्याच कराराच्या व्याप्तीबद्दल डेन्मार्कचे सरकार आता प्रश्न विचारीत आहे, ही विसंगती लक्षणीय आहे.

लंडनमध्ये मात्र वारे उलट दिशेने वाहिले. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी तेथील उच्च न्यायालयाने संजय भंडारी यांचे प्रत्यार्पण रोखले. तिहार तुरुंगात इतर कैद्यांकडून किंवा अधिकाऱ्यांकडून खंडणी आणि मारहाण होण्याचा खरा धोका आहे, असे त्याचे कारण होते. या निकालाचा आधार घेऊन नीरव मोदी यांनी आपले अपील पुन्हा उघडण्याची मागणी २०२५ मध्ये केली. बराकीचे चित्रीकरण दाखविता येते. कोठडीतील वर्तनाचे चित्रीकरण आगाऊ दाखविता येत नाही.

हमी कोणी पाळावयाची?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार परराष्ट्र व्यवहार व करार हे केंद्राचे विषय आहेत आणि कारागृहे हा राज्यांचा. परिणामतः परदेशी न्यायालयास हमी देते दिल्ली आणि ती प्रत्यक्षात उतरवावयाची असते महाराष्ट्राच्या कारागृह विभागाने. ओथमान निकषांतील 'स्थानिक अधिकारी पाळतील काय' हा प्रश्न भारताच्या बाबतीत म्हणून वारंवार विचारला जातो.

याहून अवघड प्रश्न समानतेचा आहे. आर्थर रोड कारागृहात क्षमतेच्या कित्येक पट बंदी असतात, आणि त्यांतील बहुसंख्य न्यायाधीन, म्हणजे अद्याप दोषी न ठरलेले असतात. भांडुपच्या किंवा कुर्ल्याच्या वस्तीतून चोरीच्या आरोपाखाली आलेल्या तरुणास तीन चौरस मीटरची हमी कोणीही दिलेली नाही. हजारो कोटींच्या घोटाळ्यातील आरोपीस मात्र ती सरकारच्या स्वाक्षरीने मिळते. वस्तुतः भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने सुनील बात्रा (१९७८) आणि डी. के. बसू (१९९६) या निकालांत अनुच्छेद २१ चा जो अर्थ लावला, तो स्ट्रासबर्गच्या अनुच्छेद ३ हून कमी उदार नाही. उणीव आहे ती चौरस मीटरमध्ये मोजता येणाऱ्या, कोणत्याही न्यायाधीन बंद्याला न्यायालयात मागता येणाऱ्या मानकाची. आदर्श कारागृह अधिनियम केंद्राने २०२३ साली राज्यांकडे पाठविला आहे. तो स्वीकारणे, त्यात बदल करणे अथवा बाजूस ठेवणे हे राज्यांच्या विधिमंडळांच्या हाती आहे.

सालेमच्या बाबतीत तर कारागृहातील चांगल्या वर्तणुकीबद्दल मिळणारी सूट २५ वर्षांच्या हिशेबात धरावी काय, हाही प्रश्न न्यायालयांपुढे नेण्यात आला आहे. सूट धरली नाही, तर १२ ऑक्टोबर २००५ पासूनची पंचवीस वर्षे ऑक्टोबर २०३० मध्ये पूर्ण होतात, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार त्यानंतरच्या एका महिन्यात केंद्र सरकारने कागदपत्रे राष्ट्रपतींकडे पाठवावयाची आहेत.